बार्बाडोसची बिनकामाची वाळू

जॉर्ज वॉशिंग्टन आयुष्यात एकदाच परदेशी गेला, आणि तो गेला बार्बाडोसला. सावत्र भाऊ लॉरेन्स क्षयानं खंगला होता. उबदार हवेत त्याला उतार पडेल या आशेनं १७५१च्या नोव्हेंबरात दोघे भाऊ ब्रिजटाउनच्या बंदरात उतरले. जॉर्ज तेव्हा एकोणीस वर्षांचा. गावाबाहेरच्या चढावरचं एक घर त्यांनी तिथल्या किल्लेदाराकडून भाड्यानं घेतलं. महिना १५ पौंड. दारू आणि धुणं आपलं आपण बघायचं. भाडं अवाच्या सवा आहे, पण भावाचा नाइलाज झाला, असं जॉर्जनं रोजनिशीत टिपून ठेवलंय. बेटावरच्या सीझनमधल्या भाड्याची कुरकूर ही अशी पावणेतीनशे वर्षं जुनी आहे.

ते घर अजून उभं आहे, गॅरिसन भागात, आता म्युझियम म्हणून. माझी भाची टोरांटोला असते. तिथल्या थंडीला वैतागून ती मला ‘मावशी, फक्त आराम करायचा’ असं बजावून बार्बाडोसला घेऊन आली होती. पण जिची अख्खी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, तिला वाळूवर आडवं टाकून गप्प बसवणं अवघडच. भाची खुर्चीत पुस्तक तोंडावर घेऊन झोपली की मी छत्री उचलून निघायची.

त्या घरातून कार्लाइल बे दिसतो. निळाहिरवा, तळ्यासारखा शांत. या दोघा भावांनाही तो दिसत होता, जॉर्जनं त्या देखाव्याचं कौतुकही केलंय. पण वाळूवर जाऊन बसावं, पाण्यात उतरावं, असं काही त्यांच्या दिनक्रमात दिसत नाही. मळेवाल्यांकडची जेवणं, किल्ले बघणं, एक नाटक, ऊन चढायच्या आत घोड्यावरून रपेट. पुढे जॉर्जला देवी आल्या, तो जवळजवळ महिनाभर अंथरुणाला खिळला आणि व्रण घेऊन परतला. (याचा फायदा असा झाला की देवी म्हणजे काय हे त्याला अंगावर कळलं. १७७७ साली सेनापती असताना त्यानं आपल्या सगळ्या फौजेला टोचून घ्यायला लावलं.) लॉरेन्सला मात्र बेट मानवलं नाही. बेट सुंदर आहे, पण ऋतूच बदलत नाहीत, तेच ते बघून कंटाळा येतो, शरीर फार सैल पडतं, ते आवळायला हिवाळा हवा, अशा अर्थाचं त्यानं घरी कळवलं. आज ज्या सैलपणासाठी लोक हजारो डॉलर मोजतात तोच त्याला खटकत होता. पुढच्याच वर्षी तो गेला.

थोडक्यात, समुद्र होता, वाळू होती, ऊन होतं, बाहेरून आलेली माणसंही होती. ‘बीच’ तेवढा नव्हता.

मला याचं नवल वाटलं नाही. मी गुहागरकडची. आमची जुनी घरं नारळी-पोफळीच्या आड, समुद्राकडे पाठ करून बांधलेली. किनाऱ्यावर जायचं ते मासळी आणायला, वाळत घालायला, नाहीतर कोणाला पोचवायला. नुसतं बसायला कोण जातंय?

बार्बाडोसला तर नुसतं बसायची सोयच नव्हती. १६२७ साली इंग्रज तिथे वस्तीला उतरले, बरोबर वाटेत पकडलेले काही आफ्रिकी लोकही होते. जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं, बरंचसं सपाट, प्रवाळाच्या दगडाचं बेट. १६४०च्या दशकात ऊस आला आणि दोन-तीन दशकांत जंगल तोडून कोपरा न् कोपरा उसाखाली गेला. साखरेच्या भावानं मळेवाले गबर झाले आणि गुलामांना माल ठरवणारा कायदा १६६१ साली इथेच झाला. पुढे इंग्रजांच्या इतर वसाहतींनी तो समोर ठेवून आपापले कायदे लिहिले. या बेटावर जमिनीची किंमत एकाच मापानं ठरायची: ऊस किती निघेल? किनाऱ्यालगतची पातळ मातीची, खाऱ्या वाऱ्याची पट्टी या मापात शून्य. तिला तिथे ‘रॅब लँड’ म्हणतात. चार बकऱ्या चारा, कोळ्यांना राहू द्या, एखादी तोफ बसवा.

शिवाय मँचिनील होतं. पश्चिम किनाऱ्यावर वाळूला लागून हे झाड आपसूक वाढतं. पानं तुकतुकीत, फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं, वासही गोड. पण चीक असा की कातडीला लागला तर फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलात तर पानांवरून ठिबकणारं पाणीही भाजतं. रिचर्ड लिगन नावाचा इंग्रज १६४७ ते ५० बार्बाडोसला राहिला होता. त्यानं पुढे लंडनला कर्जापायी तुरुंगात पडल्यावर बेटाचा इतिहास लिहिला, त्यातही हे झाड आहे. आज त्याच्या बुंध्यावर तांबड्या रंगाचा पट्टा मारतात, कुठे पाटी लावतात. आमच्या हॉटेलशेजारी असं एक होतं. त्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर एक जोडपं टॉवेल पसरून सावलीला निजलं होतं. भाचीनं जाऊन त्यांना उठवलं, तेव्हा ती मंडळी तिच्यावरच जरा नाराज झाली.

मग बाहेरचा माणूस राहायचा कुठे? बंदरातल्या खाणावळींत. आणि या बहुतेक चालवायच्या गुलामीतून सुटलेल्या, मिश्र रक्ताच्या बायका. त्यांतली सर्वांत गाजलेली रेचल प्रिंगल पोलग्रीन. बाप स्कॉटिश मास्तर, आई त्याची गुलाम, म्हणून मुलगीही बापाचीच गुलाम. आरमारातल्या प्रिंगल नावाच्या कॅप्टननं तिला विकत घेऊन सोडवलं, आणि तिनं ब्रिजटाउनला हॉटेल काढलं. इंग्लंडचा राजपुत्र विल्यम हेन्री, म्हणजे पुढचा चौथा विल्यम राजा, आरमारात असताना एका रात्री सोबत्यांसह तिथे आला, दारूच्या भरात सामानसुमान फोडलं, निघताना बाईंना खुर्चीसकट उलटं पाडलं. बाईंनी ब्र काढला नाही. सकाळी फुटक्या वस्तूंची यादी करून ७०० पौंडांचं बिल बोटीवर धाडलं, आणि ते चुकतं झालं, असं सांगतात. पुढे हॉटेलचं नाव झालं रॉयल नेव्हल हॉटेल.

गोष्ट झकास आहे आणि गाइड ती रंगवून सांगतात. ते सांगत नाहीत ते असं, की त्या हॉटेलात खोली, जेवण, दारू, धुणं यांच्याबरोबर बायकाही मिळायच्या, आणि रेचलच्या स्वतःच्या मालकीचे गुलाम होते. १७९१ साली ती वारली तेव्हा मृत्युपत्रात तिनं त्यांतल्या काहींना मुक्त केलं. सगळ्यांना नाही. बेटावर पाहुण्याच्या आरामाचा धंदा सुरू झाला तो असा, वाळूपासून लांब, आणि दुसऱ्याच्या बळजबरीच्या कष्टावर.

किनारा औषध म्हणून आधी इंग्लंडात शोधला गेला. १७५०च्या सुमाराला रिचर्ड रसेल या डॉक्टरनं गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी पिण्याचा आणि त्यात बुडण्याचा उपाय लिहिला, आणि ब्रायटन भरभराटीला आलं. बार्बाडोसला हे खूळ पोचायला शंभरावर वर्षं लागली. मधल्या काळात १८३४ आणि १८३८ येऊन गेले. सुमारे ८३ हजार गुलाम आधी कागदावर आणि मग खरोखर मोकळे झाले. मोकळे होऊन जायचं कुठे? जमैकाला डोंगर होते, गयानाला जंगल. इथे पाय ठेवीन तिथे मळेवाल्याचा ऊस. तेव्हा जुन्याच मळ्यावर मजुरी करायची आणि त्याच्याच जमिनीच्या तुकड्यावर भाड्यानं राहायचं. कामाला नाही म्हटलं की जागा खाली.

त्यातून जे घर निघालं ते मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्याला म्हणतात चॅटल हाउस. पाया खणलेला नाही. चार कोपऱ्यांना आणि मध्ये सुटे प्रवाळी दगड रचलेले, त्यावर लाकडी सांगाडा टेकवलेला. भिंती फळ्यांच्या, अख्ख्या अख्ख्या सुट्या होतील अशा. छप्पर उभ्या उताराचं, वादळात वारा त्याखाली शिरू नये म्हणून. दार मधोमध, दोन बाजूंना एकेक खिडकी. मालकानं निघा म्हटलं की भिंती उतरवायच्या, गाडीवर घालायच्या, दुसरीकडे दगड मांडून उभ्या करायच्या. एका घराखाली मी वाकून बघितलं. दगड आणि तुळई यांच्यात चुना नाही, सिमेंट नाही, काही नाही. नुसतं वजन. दगडांच्या सावलीत एक कोंबडी बसली होती, तिनं मला हाकललं. होलटाउनला आता अशाच घरांचं गुलाबी-पिवळं रंगवलेलं एक छोटं बाजारगाव आहे, त्यात पोहण्याचे कपडे आणि फ्रिज-मॅग्नेट विकतात. भाडेकरूंना आपल्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला तो १९८० साली. मळ्यावरच्या जागेचा दर ठरला चौरस फुटाला दहा सेंट.

पण त्याच्या कितीतरी आधीच किनाऱ्याचं नशीब फिरायला लागलं होतं. एकोणिसाव्या शतकात बार्बाडोसला मलेरिया नव्हता आणि पूर्वेकडून सतत वारा. त्यामुळे गयानातले, ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनकडचे पैसेवाले हवापालटाला इथे येऊ लागले. वेस्ट इंडीजचं आरोग्यधाम अशी बेटाची ख्याती झाली. १८८७ साली आग्नेय किनाऱ्यावर कड्यावर क्रेन हॉटेल उघडलं, ते आजही चालू आहे. कड्यावर पूर्वी बोटींत माल चढवायची क्रेन होती, तेच नाव हॉटेलला. खाली वाळू किंचित गुलाबी. बायकांना उघड्यावर लाटांत उतरावं लागू नये म्हणून खडकात स्नानाची आडोशाची जागा कोरलेली होती. म्हणजे हवापालट होता, उघड्या अंगानं उन्हात पडणं नव्हतं. गोऱ्या बाईनं काळवंडणं ही तेव्हा इभ्रतीची गोष्ट नव्हे. या बेटावर तर मुळीच नव्हे.

बेटावरच्या सामान्य माणसाला समुद्राची सहल दाखवली ती रेल्वेनं. १८८१ साली सुरू झालेली ही गाडी ब्रिजटाउनहून निघून बेट ओलांडून पूर्वेच्या बाथशेबाला जायची, जिथे अटलांटिक थेट आफ्रिकेपासून येऊन आपटतो. चढावर गाडीला दम लागायचा. तेव्हा पहिल्या वर्गानं बसून राहायचं, दुसऱ्यानं उतरून चालायचं आणि तिसऱ्यानं गाडी ढकलायची, असा विनोद अजून सांगतात. विनोद कसला, बेटाची जनगणनाच ती. कंपनी कधी धड चालली नाही. १९३७ साली रूळ बंद झाले. त्याच वर्षी जुलैत मजुरीवरून दंगे पेटले, कामगारांना चेतवणाऱ्या क्लेमेंट पेनला सरकारनं बेटाबाहेर काढलं, १४ माणसं मेली.

मग साखर उतरणीला लागायच्या आतच दुसरं पीक आलं. १९४७च्या सुमाराला रोनाल्ड ट्री हा इंग्रज राजकारणी पश्चिम किनाऱ्यावर आला. युद्धकाळात चर्चिल ज्याच्या घरी शनिवार-रविवार काढायला जायचे तोच हा. त्यानं आधी स्वतःला प्रवाळी दगडाचा महाल बांधला, मग शेजारचा एक ऊसमळा घेऊन १९६१ साली सँडी लेन हॉटेल उघडलं. राजघराण्यातली, सिनेमातली मंडळी येऊ लागली. १९५६च्या कायद्यानं हॉटेलवाल्यांना बांधकामाचं सामान बिनजकातीचं आणायची मुभा दिली होतीच. १९६६ला बेट स्वतंत्र झालं तेव्हा साखर वर्षाला दोन लाख टनांच्या घरात होती. आज बेटावर पोर्टव्हेल हा एकच साखर कारखाना उरलाय. ज्या रॅब लँडला कोणी विचारत नव्हतं तिला ‘प्लॅटिनम कोस्ट’ नाव पडलं. लंडनहून हिवाळ्यात दर शनिवारी काँकॉर्ड यायचं, चार तासांच्या आत. त्यातलं एक विमान आजही तिथल्या विमानतळावर ठेवलेलं आहे. गंमत म्हणजे ऊसतोड संपल्याचा जुना मजुरांचा सण, क्रॉप ओव्हर, मध्ये जवळजवळ विझला होता. १९७४ साली तो पुन्हा उभा केला तो पर्यटन मंडळानं, उन्हाळ्यात गिऱ्हाईक यावं म्हणून.

कायद्यानं भरतीच्या रेषेपर्यंतची सगळी वाळू सार्वजनिक आहे. कुठल्याही हॉटेलला ती विकत घेता येत नाही. पण वाळू तुमची असली तरी वाट तुमची कुठे? सलग बंगले, सलग भिंती. मैलभर चाललं तरी समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, हॉटेलांसमोरची वाळू हॉटेलांच्याच ताब्यात असावी अशी भाषा पर्यटन मंडळाच्या प्रमुखांकडून झाली. त्यांचं नाव जॅक. १९८२ साली गॅबी या कॅलिप्सो गायकानं ‘जॅक’ नावाचंच गाणं केलं आणि ते बेटभर वाजलं. पुढे कोणी उघडपणे तो विषय काढायला धजावलं नाही. माझ्या मते त्या बेटाच्या इतिहासात एवढं कामाचं गाणं दुसरं नसावं. भिंती मात्र वाढतच गेल्या.

ब्रिजटाउनच्या स्वान स्ट्रीटवर मला एक सुरती दुकानदार भेटले. त्यांचे आजोबा पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव उधारीवर विकत फिरायचे. बार्बाडोसला मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजूर आणलेच नाहीत, गरजच पडली नाही. आपले लोक आले ते विसाव्या शतकात, व्यापाराला. मी त्यांना विचारलं, ‘भाई, तुम्ही समुद्रावर जाता का?’ ते म्हणाले, ‘बहेन, दुकान कोण बघणार?’

जातात ते तिथले म्हातारे. कार्लाइल बेला सकाळी साडेपाचला. आधी गॅरिसनच्या रेसकोर्सवरचे घोडे येतात. मोतद्दार त्यांना गळ्याइतक्या पाण्यात नेऊन पोहवतात. एक तांबडा घोडा रोज पहिल्या लाटेशी अडायचा, मागे सरायचा, मोतद्दार त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, मग तो एकदम आत. घोडे गेले की माणसं. याला ते ‘सी-बाथ’ म्हणतात. पोहणं नव्हे. डोक्याला प्लास्टिकची टोपी, नाहीतर चक्क गवती हॅट घालून छातीइतक्या पाण्यात गोल करून उभं राहायचं आणि बोलायचं. गुडघेदुखी, विजेचं बिल, कोणाच्या मुलीचं लग्न. सात वाजता सगळे पसार.

एका बाईशी माझी गट्टी जमली. मी भारतातली म्हटल्यावर तिनं पहिलं विचारलं ते २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमधल्या सूर्यकुमारच्या कॅचबद्दल, पाय दोरीला लागला होता की नाही. ती मॅच झाली ते केन्सिंग्टन ओव्हल तिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. त्या मॅचनंतर बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि आपली विश्वविजेती टीम हॉटेलात अडकून पडली. तिला आठवत होत्या त्या धक्क्याला फुटलेल्या मासेमारी बोटी. मीही तिला १९६२ सांगितलं. इथेच ग्रिफिथचा चेंडू आमच्या कप्तानाच्या, नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला तेव्हा रक्त द्यायला इथलाच फ्रँक वॉरेल पुढे झाला होता, आणि आमचे बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर. ते तिला माहीत होतं.

तिची नोकरी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पलंगांच्या चादरी बदलण्यात गेलेली. मी विचारलं, तिथल्या पाण्यात कधी उतरलीस? ती म्हणाली, ‘युनिफॉर्म घालून? मॅनेजरनं घरी पाठवलं असतं.’ मग हसत म्हणाली, की पाहुणे तरी कुठे उतरायचे, सगळे पूलमध्ये. समुद्राचं पाणी खारट लागतं म्हणून तक्रार करणारेही तिनं बघितलेत.

पश्चिमेला तुम्ही लोक जात नाही का, यावर तिनं मला पत्ता दिला. होलटाउनकडची झेड-आर व्हॅन पकड, साडेतीन डॉलर. अमुक चर्चच्या पुढे उतर. दोन बंगल्यांच्या मध्ये एक बोळ दिसेल, तिथे गार्ड बसलेला असतो. वाट सरकारी आहे, तो अडवू शकत नाही, पण विचारतो. ‘विचारलं तर सांग, सी-बाथला चाललेय.’

दुसऱ्या दिवशी मी गेले. झेड-आरमध्ये गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की चर्च कधी गेलं कळलं नाही, मागे चालत यावं लागलं. बोळ होता, खांदे आवळून जावं इतका. गार्ड मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, त्यानं माझ्या साडीकडे बघितलं आणि स्कोअर सांगितला.